नळीच्या तोंडाशी वेगाचा हिशोब

इथे टेक्सासात मी माझी काडतुसं घरीच भरतो. बंदुकीची दारू काट्यावर तोलता येते; पण ती नळीत कशी जळली, ते गोळीचा वेगच सांगतो. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने लोलकावर गोळी मारून, त्याच्या झोक्यावरून वेग काढला होता. माझ्याकडे मॅग्नेटोस्पीडची पट्टी आहे. ती संगिनीसारखी नळीच्या तोंडाखाली बांधायची. धातूची गोळी दोन संवेदकांवरून जाते, मधल्या वेळेवरून वेग कळतो. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांना ढगाळ हवा बाधते, हिला नाही.

सरासरीपेक्षा मी तफावत बघतो. ३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २६०० फुटांनी सुटते. त्यात ५० फुटांचा फरक पडला, तर हजार यार्डांवर मार फूटभराहून जास्त वर-खाली होतो. तीन गोळ्यांवरून मात्र निवाडा करू नये. आणि वेग भरणी-पुस्तिकेतल्या कमाल आकड्यापुढे गेला, तर दाब वाढल्याचं समजून तिथेच थांबावं. बंदूक चेहऱ्यालगत असते.

पट्टीच्या वजनाने नळीची थरथर बदलते, मार सरकतो. म्हणून वेग मोजून झाला की मी पट्टी सोडतो आणि मगच कागदावर नेम तपासतो.