संघटना उभी राहण्याआधीच मोडण्याचे मार्ग

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणची औद्योगिक वसाहत वाढली आणि अवसरी बुद्रुकसारख्या आंबेगाव, जुन्नर, खेड तालुक्यांतील गावांमधील तरुणांना नोकरीची नवी वाट सापडली. बेभरवशाच्या शेतीला पगाराचा आधार मिळाला. हा आधार तुटण्याची भीती हेच कामगारांना संघटनेपासून दूर ठेवण्याचे सर्वांत प्रभावी साधन ठरते.

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संघटनेच्या नोंदणीसाठी कारखान्यातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद लागतात. मात्र ही संख्या सातपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे २०० कामगारांच्या कारखान्यात २० सह्या पुरतात. सह्या गोळा होण्याचा हा काळच सर्वांत नाजूक. पुढाकार घेणाऱ्या चार-पाच जणांना बाजूला काढले, की उरलेले आपोआप कचरतात.

त्यासाठीचे मार्ग ठरलेले आहेत. पुढाऱ्याची दूरच्या ठिकाणी बदली होते, बढती रोखली जाते किंवा किरकोळ कारणावरून चौकशी लागते. कधी अचानक पगारवाढ जाहीर करून ‘संघटना हवी कशाला?’ असा प्रश्न उभा केला जातो. कधी काम दुसरीकडे नेण्याची भाषा होते. चाकणच्या बजाज ऑटोमधील २०१३ च्या संपातही उत्पादन वाळूजला हलविण्याचा विषय पुढे आला होता. सुमारे ५० दिवसांनी तो संप मागे घेतला गेला.

आणखी एक मार्ग म्हणजे कामगारांच्या पसंतीची संघटना टाळून दुसरीशी बोलणी करणे. पिंपरीच्या टेल्कोमध्ये १९८९ साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील संघटनेचा संघर्ष सुरू असताना व्यवस्थापनाने वेतनकरार केला तो दुसऱ्या संघटनेशी. त्याविरोधात शनिवारवाड्यावर सुरू झालेले कामगारांचे उपोषण पोलिसांनी रात्री कारवाई करून मोडून काढले.

यांतील अनेक प्रकार कायद्याने निषिद्ध आहेत. महाराष्ट्राने १९७१ मध्येच कायदा करून अशा ‘अनुचित कामगार प्रथां’ची यादी दिली. संघटना काढल्यास टाळेबंदीची धमकी देणे, संघटना बांधणीच्या वेळी ती दुबळी करण्यासाठी पगारवाढ देणे, मालकाने स्वतःची संघटना उभी करणे, हे सारे त्यात आहे. नव्या संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातही अशी यादी असून त्यासाठी १० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मोठ्या उद्योगाला ही रक्कम जड नाही, हे मात्र खरे.

कायद्याची खरी उणीव वेगळीच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार नेमलेला उमेदवार ‘कामगार’ ठरत नाही. कंत्राटी कामगाराला मूळ कंपनीशी असलेले नाते आधी सिद्ध करावे लागते. सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. आयटीआय किंवा पदविका घेऊन बाहेर पडणारा ग्रामीण तरुण बहुधा याच दोन दारांनी कारखान्यात शिरतो.

म्हणूनच नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, नोटिसा आणि बदलीचे आदेश तारखेनिशी जपून ठेवणे महत्त्वाचे. आकसाची कारवाई तोंडी सांगून सिद्ध होत नाही. सह्यांची मोहीम कधी सुरू झाली आणि कारवाई कधी झाली, हे कागदच दाखवू शकतात.