‘लिनक्सवर डायल-अप चालत नसे’ म्हणे!

लिनक्सचा विषय निघाला की पन्नाशीच्या आसपासचं कोणीतरी हमखास म्हणतं, “अहो, त्यावर साधं डायल-अपही चालत नसे!” शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकू या म्हटलं तरी पुरावा म्हणून हेच वाक्य तोंडावर फेकलं जातं. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो.

डायल-अपला लागतं काय? सिरियल पोर्ट, त्याला जोडलेला मोडेम आणि पलीकडच्या सर्व्हरशी पीपीपी या प्रोटोकॉलने बोलणारा प्रोग्राम. पीपीपी हे कुठल्या कंपनीचं गुपित नव्हतं. जुलै १९९४च्या आरएफसी १६६१ मध्ये त्याचा सगळा तपशील छापलेला आहे आणि लिनक्सवरचा पीपीपीडी त्यानुसारच चाले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा लिनक्सची ही बाजू तयार होती. विद्यार्थ्यांना परवडणारं ‘शेल अकाउंट’ म्हणजे तर निगमच्या युनिक्स यंत्रावरचं लॉगिन. लिंक्स या ब्राउझरवर मजकूर वाचायचा, पाइन या ईमेल प्रोग्रामवर पत्रं लिहायची. युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीला इंटरनेट जमत नाही, हे त्या काळात कोणी म्हटलं असेल तर त्याने आपण लॉगिन कुठे करतो ते पाहिलं नसावं.

मग भानगड कुठे झाली? मोडेममध्ये. बाहेर ठेवायचा, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला सिरियल मोडेम घेतला की प्रश्नच नसे. विंडोजचं कॉम १ म्हणजे लिनक्सचं टीटीवायएस ०, एवढं लक्षात ठेवायचं. (कॉम २ ला टीटीवायएस २ समजून डोकं धरून बसणारे पुष्कळ. ते टीटीवायएस १ असतं.) पण पुढे बाजारात स्वस्त पीसीआय कार्डं आली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून मिळायची तशी. खऱ्या मोडेममध्ये सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप असते आणि ‘डायल कर’, ‘फोन ठेव’ या आज्ञा समजणारा कंट्रोलरही असतो. स्वस्त कार्डांतून उत्पादकांनी कधी कंट्रोलर काढला, कधी दोन्ही काढलं आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललं. ते करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी लिहिलं. मिक्सर म्हणून डबा आणावा आणि आत नुसतं भांडं निघावं, त्यातला प्रकार.

ही कार्डं ‘विनमोडेम’ म्हणून ओळखली गेली. ती शुद्ध डॉसवरही मुकी राहत, पण डॉसला कोणी नावं ठेवली नाहीत! चिपचा तपशील उत्पादक देत नव्हते, तर लिनक्सच्या प्रोग्रामरांनी ड्रायव्हर लिहायचा कशावर? शंका असेल त्याने डेव्हिड लॉयर यांचं ‘मोडेम-हाऊटू’ काढून वाचावं, तिथे हा सगळा प्रकार खुलासेवार दिला आहे.

तरीही लोकांनी वाटा काढल्या. ल्यूसंटच्या चिपसाठी ‘एलटीमोडेम’ हा ड्रायव्हर आला. कोनेक्झंटच्या एचएसएफ चिपसाठी लिनक्झंट या कंपनीचा ड्रायव्हर मिळे, पण त्याची फुकट आवृत्ती १४.४ किलोबिटवर अडकवलेली. पूर्ण वेग हवा तर पैसे भरा. तो मुळात बंदिस्त ड्रायव्हर. असा ड्रायव्हर लोड झाला की लिनक्सचं कर्नल ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेलं, असा शिक्का मारतं. २००४ मध्ये उघड झालं की या ड्रायव्हरच्या परवान्याच्या ओळीत ‘जीपीएल’ हे मुक्त परवान्याचं नाव लिहून लगेच एक शून्य-बाइट ठेवलेला आहे आणि खरा मजकूर त्याच्यापुढे आहे. सी भाषेत शून्य-बाइटला मजकूर संपतो, म्हणून कर्नल ‘जीपीएल’ एवढंच वाचून गप्प बसे. सारखे इशारे येऊन ग्राहक गोंधळतात म्हणून तसं केलं, असं कंपनीचं म्हणणं. आता सांगा, लबाडी कुणाची आणि बदनामी कुणाची?

“पण जोडायला फार किचकट होतं,” हा पुढचा आक्षेप. डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ हा प्रोग्राम चालवला की तो पोर्ट तपासून मोडेम शोधे आणि सेटिंगची फाइल स्वतः तयार करी. त्या फाइलमध्ये फोन नंबर, नाव आणि पासवर्ड या तीन ओळी भरायच्या. ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असे. तो काढायचा राहिला की ओळ वाचलीच जात नसे, आणि खापर लिनक्सवर. मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणून अडून बसला, तर सुरुवातीच्या आज्ञेत एक्स ३ घालायचं, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवी. एवढंही नको असेल, तर केडीई डेस्कटॉपवर केपीपीपीची खिडकी होतीच. त्यात बटण दाबलं की काम झालं.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. ‘५६ के’ मोडेम सेकंदाला ५६ किलोबाइट आणत नसे. ते किलोबिट, म्हणजे फार तर सात किलोबाइट, तेही फक्त उतरताना. व्ही.९० मानकात चढतानाचा वेग ३३.६ किलोबिटच होता. जोडणीच्या वेळची किंचाळी हा बिघाड नव्हता. दोन मोडेम वेग ठरवत असत, आणि ऐकवत नसेल तर एम ० ही आज्ञा देऊन स्पीकर बंद करता येई. डायल करायला दरवेळी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, व्हावं लागे, हेही खरं नाही. डेबियनसारख्या वितरणांत वापरणाऱ्याला ‘डायलआउट’ आणि ‘डिप’ या गटांत घातलं की भागे.

“आता डायल-अप कुठे उरलंय?” हे मात्र बरंचसं खरं. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. पण पीपीपीडी निवृत्त झालेला नाही. थ्रीजीच्या यूएसबी डाँगलवर ‘*९९#’ फिरवून लिनक्सवर नेट लावलं जाई, ते त्याच्याच जोरावर. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पीपीपीओई’ दिसतं, तोही इथरनेटवर चालणारा हाच पीपीपी. आणि घरोघरच्या अशा अनेक राउटरांच्या आत लिनक्सच चालतं.