स्थानिक जाळ्यातील वाहतुकीविषयीचे फायरवॉल इशारे

स्थानिक जाळ्यातील वाहतुकीविषयीचे फायरवॉल इशारे म्हणजे घरगुती संगणकावरील फायरवॉल या सुरक्षा प्रणालीने, त्याच घरातील किंवा इमारतीतील अन्य उपकरणांशी होणाऱ्या संदेशांच्या देवाणघेवाणीविषयी वापरकर्त्यास दिलेल्या सूचना होत. राउटर, प्रिंटर, स्मार्ट टीव्ही, मोबाइल अशी उपकरणे एकमेकांचा शोध घेण्यासाठी सतत छोटे संदेश पाठवीत असतात. त्यांपैकी जे संदेश फायरवॉलच्या नियमांत बसत नाहीत ते अडवले जातात व त्यांची नोंद होते. असा इशारा हा हल्ल्याचा पुरावा नसतो. एखादा नियम लागू झाला एवढेच त्यातून सिद्ध होते. तथापि संगणकातील अनेक घातक प्रणाली याच स्थानिक मार्गाने एका यंत्रातून दुसऱ्यात पसरतात. त्यामुळे ‘घरातलीच वाहतूक’ म्हणून प्रत्येक इशारा दुर्लक्षित करणेही धोक्याचे ठरते.

पार्श्वभूमी

इमारतीत एका भागातील आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतीवरून ‘फायरवॉल’ हे नाव आले. आरंभी फायरवॉल मुख्यतः संस्था व कंपन्यांच्या जाळ्यांच्या प्रवेशद्वारी असे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीत फायरवॉल अंतर्भूत होती, परंतु ती मुळात बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून जगभर पसरला. वापरकर्त्याने काहीही न उघडता, केवळ संगणक जाळ्याला जोडलेला असल्यामुळे तो बाधित होत असे. ऑगस्ट २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तेव्हापासून फायरवॉलचे इशारे हा सामान्य घरगुती वापरकर्त्याच्या अनुभवाचा भाग बनला.

स्थानिक पत्ते

जाळ्यावरील प्रत्येक उपकरणास आयपी पत्ता असतो. इशारा वाचताना प्रथम तो पत्ता कोणत्या गटातील आहे हे पाहावे लागते.

• खासगी पत्ते : फेब्रुवारी १९९६ मधील मानकानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. घरगुती राउटरचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.
• स्वतःचा पत्ता : १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे तोच संगणक. एका संगणकातील दोन प्रोग्राम या पत्त्यावरून परस्परांशी बोलतात. हे संदेश संगणकाबाहेर जात नाहीत.
• तात्पुरता पत्ता : राउटरकडून पत्ता न मिळाल्यास संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एफई८० ने सुरू होणारे पत्ते केवळ त्याच जाळ्यापुरते वापरले जातात.
• सामूहिक पत्ते : २२४ ते २३९ ने सुरू होणारे पत्ते अनेक उपकरणांना एकाच वेळी उद्देशून असतात. २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता जाळ्यातील सर्वांसाठी असतो.

पत्ता खासगी असला म्हणजे पाठवणारे उपकरण आपल्याच घरात आहे, असे नेहमीच म्हणता येत नाही. भारतातील अनेक शहरांत स्थानिक केबल व्यावसायिकांनी इंटरनेट सेवा देताना गल्लीतील किंवा इमारतीतील अनेक ग्राहक एकाच अंतर्गत जाळ्यावर जोडले. अशा जोडणीत मधे राउटर न ठेवता तार थेट संगणकाला लावल्यास शेजाऱ्याच्या संगणकाचे संदेशही ‘स्थानिक’ म्हणून येऊ शकतात. १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचे पत्ते सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ साली राखून ठेवण्यात आले. तेही घराबाहेरचे समजावेत.

इशाऱ्यातील घटक

फायरवॉलच्या नोंदीत सामान्यतः वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, पोर्ट क्रमांक, दिशा आणि केलेली कृती यांचा उल्लेख असतो. काही फायरवॉल संबंधित प्रोग्रामचे नावही देतात. पत्ता हा इमारतीसारखा मानला, तर पोर्ट हा त्या इमारतीतील खोलीचा क्रमांक होय : संदेश कोणत्या सेवेसाठी आहे हे त्यावरून कळते. दिशा दोन प्रकारची असते. ‘आत येणारी’ म्हणजे दुसऱ्या उपकरणाने सुरू केलेली आणि ‘बाहेर जाणारी’ म्हणजे आपल्या संगणकातील प्रोग्रामने सुरू केलेली जोडणी.

‘अडवले’ अशी नोंद असल्यास फायरवॉलने आपले काम केलेले असते. ‘परवानगी द्यावी काय?’ असा प्रश्न विचारणाऱ्या इशाऱ्याचे स्वरूप वेगळे आहे. एखादा प्रोग्राम बाहेरून येणाऱ्या जोडण्यांची वाट पाहू लागला की विंडोज व मॅकओएस असा प्रश्न विचारतात, आणि दिलेले उत्तर कायमचा नियम बनते. ॲपलने आयओएस १४ (२०२०) मध्ये आणि मॅकओएस सेक्वोया (२०२४) मध्ये, एखाद्या ॲपने स्थानिक जाळ्यातील उपकरणे शोधण्यापूर्वी वापरकर्त्याची स्वतंत्र परवानगी घेण्याची व्यवस्था केली.

नित्याची वाहतूक

घरगुती फायरवॉलच्या नोंदींत वारंवार आढळणारे काही पोर्ट पुढीलप्रमाणे आहेत.

• ६७ व ६८ : नव्याने जोडलेले उपकरण राउटरकडे पत्ता मागते.
• ५३ : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता विचारला जातो; घरात हे उत्तर बहुधा राउटर देतो.
• १३७ व १३८ : विंडोज संगणक आपले नाव जाहीर करतात, ही जुनी पद्धत आहे.
• १९०० : टीव्ही, राउटर इत्यादी उपकरणे २३९.२५५.२५५.२५० या सामूहिक पत्त्यावर आपले अस्तित्व कळवतात.
• ५३५३ : प्रिंटर, मोबाइल, स्पीकर इत्यादी उपकरणे २२४.०.०.२५१ या पत्त्यावर एकमेकांची नावे शोधतात.
• ६३१ व ९१०० : छपाईचे काम प्रिंटरकडे पाठवले जाते.
• ४४५ : विंडोजमधील सामायिक फोल्डर व फाइली उघडल्या जातात.

राउटर ठरावीक अंतराने २२४.०.०.१ या पत्त्यावर विचारणा करतो. लिनक्समधील यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नोंदींत हीच ओळ शेकडो वेळा ‘अडवले’ म्हणून दिसते आणि नवख्या वापरकर्त्यास हल्ल्याचा भास होतो.

फसवे इशारे

काही सुरक्षा प्रणाली ‘पोर्टांची तपासणी होत आहे’ असा गंभीर इशारा देतात आणि हल्लेखोर म्हणून घरातील राउटरचाच पत्ता दाखवतात. याचे एक नेहमीचे कारण उशिरा आलेली उत्तरे हे आहे. संगणक राउटरला संकेतस्थळांचे पत्ते विचारतो तेव्हा प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा पोर्ट वापरतो. जोडणी मंद असल्यास उत्तर येईपर्यंत फायरवॉलने वाट पाहणे थांबवलेले असते. मग राउटरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून निरनिराळ्या पोर्टांकडे येणारी ही उत्तरे अनाहूत ठरतात व तपासणीसारखी भासतात.

दोन उपकरणांना चुकून एकच आयपी पत्ता मिळाल्यास ‘पत्त्याची नक्कल’ असा इशारा येतो. अशीच नक्कल हल्लेखोरही करू शकतो. म्हणून राउटर पुन्हा चालू केल्यावरही तोच इशारा येत राहिल्यास अधिक चौकशी आवश्यक ठरते.

एक उदाहरण

सोलापूर शहरातील सात रस्ता परिसरातील एका सदनिकेचे कल्पित उदाहरण घेतल्यास वरील भेद स्पष्ट होतो. घरातील राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. चादरी व टॉवेलच्या कौटुंबिक व्यवसायाचे हिशेब ठेवलेला संगणक १९२.१६८.१.५ वर, प्रिंटर १९२.१६८.१.२० वर, टीव्ही १९२.१६८.१.३० वर आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा लॅपटॉप १९२.१६८.१.४५ वर आहे. हिशेबाच्या संगणकावर एका सायंकाळी चार प्रकारच्या नोंदी दिसतात.

१. टीव्हीकडून १९०० या पोर्टकडे दर काही मिनिटांनी संदेश. टीव्ही चालू असताना हे अपेक्षितच आहे.
२. प्रिंटरकडून २२४.०.०.२५१ कडे, पोर्ट ५३५३. प्रिंटर आपले नाव कळवीत आहे.
३. राउटरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून वेगवेगळ्या मोठ्या क्रमांकांच्या पोर्टांकडे काही संदेश. ही उशिराची उत्तरे असण्याची शक्यता अधिक.
४. लॅपटॉपकडून ४४५ या पोर्टकडे एकामागून एक प्रयत्न. त्याच मिनिटात घरातील दुसऱ्या संगणकाच्या फायरवॉलमध्येही लॅपटॉपचीच तशी नोंद.

चारही नोंदी स्थानिक आहेत आणि फायरवॉलने चारही अडवल्या आहेत. परंतु त्यांचे महत्त्व सारखे नाही. मुलीने हिशेबाच्या संगणकावरील फोल्डर उघडण्याचा प्रयत्न केला असता, तर ४४५ ची नोंद त्या एकाच संगणकावर व त्याच वेळी आढळली असती. कोणी काही उघडलेले नसताना लॅपटॉपने एकापाठोपाठ एक यंत्रांकडे जाणे, हे त्यात घातक प्रणाली शिरल्याचे लक्षण असू शकते. लॅपटॉप वायफायपासून तोडून तपासणे येथे योग्य ठरते. याउलट, इशाऱ्यांना कंटाळून फायरवॉलच बंद केल्यास टीव्हीच्या निरुपद्रवी संदेशांबरोबर लॅपटॉपचे प्रयत्नही विनाअडथळा हिशेबांपर्यंत पोहोचतात.

स्थानिक जाळ्यातून झालेला प्रसार

४४५ या पोर्टचे महत्त्व २०१७ मधील दोन घटनांनी अधोरेखित केले. विंडोजमधील फाइल-सामायिकीकरणाच्या जुन्या पद्धतीतील दोष दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केली होती. ती न बसवलेल्या संगणकांत १२ मे २०१७ पासून वॉनाक्राय ही खंडणीखोर प्रणाली पसरली.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून नॉटपेट्या या प्रणालीचा प्रसार सुरू झाला. तिने याच दोषाबरोबर संगणकाच्या स्मृतीतून चोरलेल्या पासवर्डांचाही उपयोग केला. त्यामुळे जाळ्यातील एक यंत्र बाधित झाले की सुधारणा बसवलेली यंत्रेही सुरक्षित राहत नसत. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून हा प्रादुर्भाव महाराष्ट्रापर्यंत पोहोचला : रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर प्रणाली नव्याने बसवावी लागली, असे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. बाहेरचे प्रवेशद्वार सुरक्षित असले तरी आतील यंत्रांनी एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवणे किती महाग पडू शकते, हे या घटनेतून दिसले. घरातील प्रत्येक संगणकावर स्वतंत्र फायरवॉल चालू ठेवण्यामागे हेच कारण आहे.

इशाऱ्याची छाननी

इशारा तपासताना सर्वसाधारणपणे पुढील क्रम उपयोगी पडतो.

• उपकरण ओळखणे : राउटरच्या व्यवस्थापन पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. इशाऱ्यातील पत्ता तिच्याशी ताडून पाहता येतो. उपकरणाच्या मॅक पत्त्याच्या पहिल्या भागावरून निर्माता कळतो; मात्र आधुनिक मोबाइल यादृच्छिक मॅक पत्ता वापरत असल्याने ही खूण त्यांना लागू पडत नाही.
• पोर्ट पाहणे : त्या उपकरणाकडून तशा सेवेची अपेक्षा आहे काय, हे ठरवता येते. प्रिंटरने आपले नाव कळवणे स्वाभाविक आहे; प्रिंटरने संगणकातील फाइली उघडू पाहणे सामान्यतः स्वाभाविक नाही.
• वारंवारता व विस्तार पाहणे : ठरावीक अंतराने सामूहिक पत्त्याकडे जाणारा संदेश बहुधा नित्याचा असतो. अल्पकाळात अनेक पत्त्यांकडे किंवा अनेक पोर्टांकडे झालेले प्रयत्न संशयास्पद होत.
• प्रोग्राम पाहणे : परवानगी मागणारा प्रोग्राम वापरकर्त्याने स्वतः सुरू केलेला नसल्यास ती नाकारणे अधिक सुरक्षित असते, नियम नंतर बदलता येतो.

यादीत अनोळखी उपकरण आढळल्यास वायफायचा पासवर्ड बदलला जातो. घरातील उपकरण बाधित असल्याचा संशय आल्यास ते जाळ्यापासून तोडून त्याची तपासणी केली जाते व प्रलंबित सुधारणा बसवल्या जातात. महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाला कायम जोडलेल्या नसलेल्या डिस्कवर ठेवल्यास, इशारा समजण्यात चूक झाली तरी माहिती परत मिळवता येते. विंडोजमध्ये जाळ्याचा प्रकार ‘सार्वजनिक’ निवडल्यास संगणक इतर उपकरणांना सहसा दिसत नाही. घरात प्रिंटर किंवा फोल्डर सामायिक करायचे असल्यास ‘खासगी’ हा प्रकार निवडला जातो. बसस्थानक, उपाहारगृह, वसतिगृह अशा ठिकाणी तो टाळावा लागतो.

मर्यादा

संगणकावरील फायरवॉल त्या संगणकाशी संबंधित वाहतूकच पाहते. टीव्ही आणि मोबाइल यांच्यातील थेट संवाद तिला सामान्यतः दिसत नाही. ज्या जोडणीस परवानगी दिली आहे तिच्याविषयी बहुधा इशाराच येत नाही. पेन ड्राइव्हमधून किंवा ईमेलमधून आलेली घातक फाइल वापरकर्त्याने स्वतः उघडल्यास फायरवॉल ती रोखू शकत नाही. त्यामुळे इशारे न येणे हेही सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही.

भारतातील यंत्रणा

संगणक सुरक्षेच्या घटनांसाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून कार्यरत असून ती नव्या धोक्यांविषयी सूचना प्रसिद्ध करते. तिच्या अंतर्गत फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेले सायबर स्वच्छता केंद्र बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून देते. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.