एकधारी रेझर : माळ्यावरून पुन्हा आरशापुढे

ठाणे-डोंबिवलीच्या घरांतले माळे दोनच निमित्तांनी रिकामे होतात. एक दिवाळीची साफसफाई, दुसरं इमारतीचा पुनर्विकास. नौपाड्यातल्या जुन्या इमारती, डोंबिवली पूर्वेच्या चाळी, कल्याणातले वाडे एकेक करून खाली होऊ लागले तशा पत्र्याच्या ट्रंकाही खाली उतरल्या. तांब्याचा बंब, समया, जुनी पंचांगं यांची वाटणी लगेच होते. तळाशी राहते एखादी निकेलची चपटी डबी, किंवा फावड्याच्या आकाराचं डोकं असलेला बोटभर दांडा. घरातल्या तरुण पिढीला तो ओळखू येत नाही. भंगारवाला नखाने खरवडून आत पितळ आहे का बघतो आणि तराजूत टाकतो.

अशा वजनावर गेलेल्या वस्तूंपैकी काही आजही रोजच्या दाढीला चालण्याजोग्या असतात. त्यांची ओळख पटावी, त्या तपासता याव्यात आणि नीट वापरता याव्यात, यासाठी हा आढावा.

आपल्याकडे दाढीचं ब्लेड म्हटलं की दोन्ही कडांना धार आणि मध्ये लांबट फट असलेलं पातळ पान डोळ्यांसमोर येतं. किंग कॅम्प जिलेटने ते जगभर नेलं. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी आकडा नव्वद हजारांवर गेला. पण सेफ्टी रेझर त्याच्याही आधीचा आहे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये कॅम्फे बंधूंनी १८८० साली ज्या रेझरचं पेटंट घेतलं, तो पुढे ‘स्टार’ नावाने विकला गेला. त्याचं पातं एका वस्तऱ्याचा आखूड तुकडा कापून बसवावा तसं होतं : मागे जाड, पुढे एकच धार. धारेपुढे दात्यांची पट्टी असल्याने कातडी पात्याखाली ओढली जात नसे. अमेरिकी डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप प्रवासाच्या पुस्तकात या रेझरची मनापासून तारीफ केली आहे.

स्टारच्या पात्याला मात्र वस्तऱ्यासारखी वरचेवर धार लावावी लागे. ती कटकट ‘जेम’ आणि ‘एव्हर-रेडी’ या अमेरिकी रेझरांनी मिटवली. त्यांचं ब्लेड वापरून फेकण्याचं. एका कडेला धार, दुसऱ्या कडेवर पत्र्याची दुमडलेली पाठ. नेहमीचं दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, तर जेमचं ०.२३ मिलिमीटरच्या आसपास. जाडी दुपटीहून अधिक असल्याने हे ब्लेड वाकत नाही, थरथरत नाही. राठ दाढीवाल्यांना एकधारी रेझर पसंत पडतो तो याच गुणामुळे.

भारतात ब्रिटिश माल अधिक येत असल्याने आपल्याकडे शोधणाऱ्याने ‘रोल्स’ या नावावर विशेष नजर ठेवावी. त्या नावाच्या मोटारीशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या क्रिकलवुड भागात रोल्स रेझर कंपनीचा कारखाना होता. ‘इम्पीरियल नंबर २’ आणि ‘व्हायकाउंट’ ही तिची गाजलेली मॉडेलं. रोल्सची डबी हेच त्याचं सगळं यंत्र. डबीची दोन्ही झाकणं निघतात. एका झाकणात निसण्याचा दगड, दुसऱ्यात चामड्याची पट्टी. मधल्या चौकटीत पातं आडवं निजलेलं. चामड्याचं झाकण लावून दांडा मागे-पुढे सरकवला की पातं प्रत्येक फेरीच्या टोकाला ‘खट्ट’ आवाज करत कूस पालटतं आणि धारेच्या दोन्ही बाजू आपोआप घासल्या जातात. दाढीआधी चामड्यावर, धार बोथट झाली तरच दगडावर, असा त्याचा क्रम. मग तेच पातं उचलून दांड्याला जोडायचं. एक पातं नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं चाले. पुढे कंपनी जॉन ब्लूम या धडाडीच्या विक्रेत्याच्या हाती गेली, कपडे धुण्याची यंत्रं विकू लागली आणि १९६४ साली बुडाली.

‘व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप’ हा त्याच वर्गातला दुसरा चतुर रेझर, हेन्री गेसमन या संशोधकाचा. त्याच्या डोक्यात आरपार खाच असते. ब्लेड न काढता चामड्याचा पट्टा त्या खाचेतून ओवायचा आणि रेझर पट्ट्यावर पुढे-मागे फिरवायचा. आतला रूळ फिरतो आणि ब्लेड दोन्ही अंगांनी पाजळलं जातं. पेटंटच्या वादातून १९३० मध्ये जिलेट आणि गेसमनची कंपनी एकत्र आल्या आणि गेसमनच त्या एकत्रित कंपनीचा अध्यक्ष झाला. जुनी वस्तू म्हणून हा रेझर सापडला तर सोबत पट्टा आहे का, हे आधी पाहावं.

ठाणेकरांचं ब्लेडशी नातं मात्र आयात मालापुरतं नाही. सुपरमॅक्स हे दुधारी ब्लेडचं नाव देशात आणि परदेशात नेणाऱ्या विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना ठाण्याचा. मुंबईच्या वेशीवर, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात आणि शेजारच्या वागळे इस्टेटमध्ये उद्योग वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभही १ ऑगस्ट १९६२ रोजी वागळे इस्टेटमध्येच झाला. त्या काळात ठाणे-कल्याणच्या कितीतरी घरांचा पगार कारखान्याच्या भोंग्यावर चालत होता. पोलादाची पट्टी ठोकून तिला भोकं पाडणं, कडक करणं, धार देणं, कागदात गुंडाळणं ही कामं इथल्या माणसांनी पाळ्यांमध्ये केली आहेत.

त्या दुधारी ब्लेडला एकधारी करण्याचं काम सलूनने केलं. पूर्वी न्हावीदादांच्या धोपटीत पोलादी वस्तरा, निसणा, चामड्याचा पट्टा आणि तुरटी असे. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी होई. एड्स आणि काविळीबद्दल जागृती वाढली, तशी गिऱ्हाईकं ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणू लागली आणि ब्लेड बदलता येणारा वस्तरा आला. डोंबिवलीच्या कुठल्याही सलूनमध्ये खुर्चीत बसून पाहिलं तर ही कृती दिसते : कारागीर ब्लेड कागदातून न काढताच लांबीच्या रेषेत दुमडतो, ‘कट्’ असा आवाज होतो, दोन अर्धी पानं तयार. एक वस्तऱ्याच्या खोबणीत, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी. फॅक्टरीत दोन धारांचं बनलेलं ब्लेड गालावर एकाच धारेने चालतं. परदेशात हल्ली निघालेले काही नवे, महागडे एकधारी रेझरही हीच अर्ध्या ब्लेडची युक्ती वापरतात. एकधारी दाढी आपल्या भागात संपलीच नव्हती. ती घरातून सलूनमध्ये गेली होती, एवढंच.

जुना रेझर हवा असेल तर पहिला शोध घरातच घ्यावा, नात्यातल्या वडीलधाऱ्यांकडे विचारावं. त्यानंतर भंगारवाल्याशी ओळख ठेवावी. ‘दाढीची जुनी मशीन आली तर बाजूला काढा’ असं सांगून ठेवलं आणि धातूच्या भावापेक्षा चार पैसे जास्त दिले, तर वस्तू भट्टीत जाण्याआधी हाती लागते. जुन्या वस्तूंचा धांडोळा घेणाऱ्यांना मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट ठाऊक असतेच. तिथे घाई करू नये, आणि ‘अँटिक’ या शब्दावर जादा पैसे मोजू नयेत. या रेझरांचं उत्पादन लाखांनी झालं होतं.

हातात घेतल्यावर काय पाहायचं? जेम आणि एव्हर-रेडीच्या जुन्या मॉडेलांत डोक्याचं झाकण बिजागरीवर वर उघडतं. बिजागरी ढिली नको. ब्लेडच्या दोन्ही टोकांशी धारेला अडवणारे बारीक खिळे असतात. त्यातला एक जरी झिजला किंवा तुटला असेल तर ब्लेड तिरकं बसतं आणि गाल कापतो. ब्लेडला मागून दाबणारी स्प्रिंग शाबूत हवी. दात्यांची पट्टी वाकलेली नको. जेमच्या ‘मायक्रोमॅटिक’ या मॉडेलात दांड्याच्या टोकाची कळ फिरवली की डोकं उघडतं, ती कळ अडखळता कामा नये. रोल्समध्ये दगडाला तडा आहे का आणि पात्याच्या धारेला खाचा आहेत का, हे उजेडात धरून बघावं. मुलामा उडून पितळ दिसत असेल तर हरकत नाही, दाढीला त्याने काही फरक पडत नाही.

साफसफाईत घाई नडते. तांब्या-पितळेची भांडी लख्ख करणारी पितांबरी ठाण्याचीच, तेव्हा हात आधी तिच्याकडे जातो. चिंच, लिंबू आणि व्हिनेगर हे घरचे उपायही आठवतात. पण निकेलचा मुलामा अतिशय पातळ असतो. भुकटीने घासला किंवा आंबटात बुडवला तर कायमचा जातो. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि दात घासायचा जुना मऊ ब्रश एवढं पुरेसं होतं. साबणाचा वाळून दगड झालेला थर भिजवून सुटा होऊ द्यावा. नंतर सर्जिकल स्पिरिटने पुसून कोरडं करावं. दांडा सेल्युलॉइडचा किंवा बेकलाइटचा असेल तर उकळत्या पाण्यापासून लांब ठेवावा. डबीत सापडलेलं जुनं ब्लेड चेहऱ्याला लावू नये. रोल्सचं पातं मात्र फेकू नये. ते निर्जंतुक करून, जाणकाराकडून धार लावून घेता येतं.

नव्या ब्लेडचा प्रश्न जेमवाल्यांसाठी सुटण्यासारखा आहे, कारण त्या मापाची ब्लेडं अमेरिकेत अजून बनतात आणि ऑनलाइन मागवता येतात. इथे एक सावधगिरी अत्यावश्यक. रंग खरवडायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं पाठवालं ब्लेड दिसायला हुबेहूब तसंच असतं. त्याची धार दाढीसाठी घासलेली नसते आणि तिच्यावर गुळगुळीत लेपही नसतो. ते चेहऱ्यावर चालवलं तर कातडी सोलवटून निघते. पाकिटावर दाढीसाठी असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावं.

वापरण्याची पद्धत दुधारी रेझरपेक्षा निराळी आहे. दुधारी रेझर दांडा खाली झुकवून धरतात. जुन्या जेमचं डोकं आधी गालावर सपाट टेकवायचं, मग दांडा अगदी किंचित खाली आणायचा. जोर लावायचा नाही; रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. जाड पात्याखाली खुंट कापताना खरखर असा स्पष्ट आवाज येतो. तो आवाज येत असेल तर कोन बरोबर आहे असं समजावं; थांबला तर दांडा थोडा हलवावा. पहिल्या आठवड्यात केसांच्या दिशेनेच हात फिरवावा. लोकल पकडायच्या घाईत नव्या रेझरचा प्रयोग करू नये, सुट्टीचा दिवस बरा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ब्लेड रेझरमध्ये ओलं राहिलं तर गंजतं, म्हणून दाढीनंतर ते काढून पुसावं आणि रेझर न्हाणीघराबाहेर ठेवावा.

वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नयेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत ओला-सुका कचरा अखेर माणसांच्या हातांनीच वेगळा होतो, आणि जेमचं जाड पातं प्लॅस्टिकची पिशवी सहज फाडून बाहेर येतं. पत्र्याच्या एखाद्या लहान डब्याच्या झाकणाला चीर पाडून वापरलेली ब्लेडं त्यात टाकत जावीत. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करावं, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहावं आणि कचरा नेणाऱ्या कामगाराच्या हाती तो सांगून द्यावा.