घरातील ध्वनी : लेखांक ७
कंपन आणि टर्नटेबल

घरातल्या ध्वनियंत्रणेत कंपनाचा सर्वांत जास्त त्रास होतो तो टर्नटेबलला. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरवर कंपनाचा परिणाम जवळजवळ होत नाही आणि सीडी प्लेअर किरकोळ धक्के सांभाळून घेतो. टर्नटेबलचे मात्र कामच कंपन टिपण्याचे आहे. तबकडीच्या खाचेत सुई हलते आणि कार्ट्रिज त्या हालचालीचे विजेत रूपांतर करते. हलक्या स्वरांच्या वेळी ही हालचाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

कार्ट्रिजला कळते ती फक्त सुई आणि त्याचे स्वतःचे अंग यांच्यातील सापेक्ष हालचाल. ती खाचेमुळे झाली की टेबलाला बसलेल्या धक्क्यामुळे, हा भेद त्याला करता येत नाही. शिवाय १९५४ पासूनच्या आरआयएए मानकानुसार तबकडी कापताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना तो पुन्हा वाढवतात. १,००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झची वाढ सुमारे ९ पट होते. नको असलेला खर्जही त्याबरोबर फुगतो.

असे कंपन तीन वाटांनी येते. मोटर आणि बेअरिंग यांची घरघर आतून येते, पावलांचे धक्के जमिनीतून येतात आणि स्पीकरचा आवाज हवेतून व फर्निचरमधून येतो. तिसरी वाट सर्वांत घातक. स्पीकरमुळे तबकडी हलली की तेच कंपन सुईतून पुन्हा स्पीकरपर्यंत पोहोचते. आवाज मोठा असेल तर हे चक्र स्वतःच वाढत जाऊन घुमू लागते. त्याआधीही खर्ज गढूळ होतो.

यावरचा मूलभूत उपाय अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९६१ च्या एआर टर्नटेबलमध्ये वापरला. तबकडीचा प्लॅटर आणि टोनआर्म त्यांनी एकाच ताठ चौकटीवर बसवले आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोलली. मोटर वेगळी राहिली. तिची गती पट्ट्याने पोहोचवली. त्यामुळे धक्का आला तरी तबकडी आणि टोनआर्म एकत्र हलतात व सापेक्ष हालचाल फारशी होत नाही.

स्प्रिंगांना मर्यादा आहे. नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीवरचेच कंपन त्या कमी करतात. ४ हर्ट्झच्या स्प्रिंगा २० हर्ट्झचे कंपन, अवमंदन नगण्य धरल्यास, चोविसाव्या भागावर आणतात. ४ हर्ट्झच्या आसपासचे कंपन मात्र वाढवतात. लाकडी जमिनीवरच्या पावलांचे हेलकावे नेमके याच टापूत येऊ शकतात. म्हणून जुन्या वाड्याच्या माडीवर टर्नटेबल भक्कम भिंतीतल्या फळीवर ठेवणे हिताचे. काँक्रीटच्या स्लॅबवर ही अडचण बरीच कमी होते. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवणे सर्वत्र टाळावे.

मांडणी तपासण्यासाठी आवाज अगदी कमी करून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवावी, आवाज हळूहळू वाढवावा आणि फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून ठळक 'धप्प' ऐकू आले, तर फळीचे कंपन सुईपर्यंत पोहोचत आहे असे समजावे. घुमण्यास सुरुवात होताच आवाज लगेच कमी करावा.