डब्यात साईभाजी, बाजारात टाकळा

बदलापूर-अंबरनाथमधल्या कितीतरी घरांत आईबाबांची सकाळ मुंबईची लोकल गाठण्यात जाते. घाईघाईत मुलाच्या डब्यात पडतो बिस्किटांचा पुडा, नाहीतर वेफर्स. पोट भरतं, पण मीठ, साखर, तेलानेच. प्रथिनं आणि लोह राहूनच जातं.

उपाय शेजारच्या उल्हासनगरच्या स्वयंपाकघरात आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर वसवलं, आणि साईभाजीही सोबत आणली. पालक, चुका, चणाडाळ, टोमॅटो, बटाटा सारं एकाच कुकरमध्ये शिजवून घोटायचं आणि भाताबरोबर वाढायचं. नावडती भाजी मुलाला वेचून बाजूला काढताच येत नाही! शिवाय डाळ आणि तांदूळ एकमेकांच्या प्रथिनांतली उणीव भरून काढतात. वर लिंबू पिळलं, की पालेभाजीतलं लोह शरीरात अधिक शोषलं जातं. जेवणासोबतचा चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

पावसाळ्यात बदलापूरच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, कुरडू या रानभाज्या घेऊन बसतात; त्याही मुलांच्या जेवणात आणता येतात. त्याआधी जांभळांचा हंगाम असतो; तेव्हा बिस्किटांऐवजी जांभळं देता येतात.

जेवणाच्या प्रमाणाचा अंदाज शाळेच्या पोषण आहारावरून येतो. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिनं. ही झाली एका वेळची सोय. संध्याकाळी भूक लागेल तेव्हा शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, आणि रात्री भाकरीसोबत मटकीची उसळ व दही.