जुना ट्रॅक्टर ओढेनासा झाला? इंजिन उघडण्यापूर्वी एवढे तपासा

पाऊस उघडून जमिनीला वापसा आला, पेरणीची घाई सुरू झाली आणि नेमक्या त्याच आठवड्यात ट्रॅक्टर दम टाकू लागला, असा अनुभव जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या बहुतेकांना आला असेल. मागील वर्षी ज्या गिअरमध्ये नांगर सहज चालत होता, त्या गिअरमध्ये आता इंजिन बसते. रेस दिली तरी लवकर उचल घेत नाही. मोकळे चालतानाही गचके देते. गॅरेजमध्ये नेल्यावर बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते, "इंजिन उतरलंय, काम करावं लागेल." लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि मजुरी यांचा खर्च मोठा असतो, शिवाय ऐन हंगामातील आठ-दहा दिवस हातचे जातात ते वेगळेच. काही ट्रॅक्टरना हे काम खरोखरच लागते. परंतु अनेकदा दोष इंजिनाच्या बाहेर, दोन पान्यांनी सापडेल अशा जागी असतो. म्हणून इंजिन उघडण्यास होकार देण्यापूर्वी पुढील तपासणी आपण स्वतः करावी.

ही माहिती साधा यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ प्रदूषण निकष लागू झाले असून, त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धत असते. अशा इंजिनाचे डिझेल पाईप घरी कधीही सैल करू नयेत. त्यातील दाब फार मोठा व धोक्याचा असतो.

दोष इंजिनात आहे काय?

प्रथम ट्रॅक्टर शेतात औजारासह चालवून कान आणि डोळे उघडे ठेवावेत. ओझे आल्यावर इंजिनाचा आवाज तसाच चढा राहतो, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, असे असेल तर इंजिन निर्दोष आहे. मागील चाके जागीच फिरत असतील तर टायर झिजले आहेत किंवा वजन कमी पडते आहे. चाकेही फिरत नसतील आणि जळका वास येत असेल तर क्लच घसरतो आहे. क्लच पेडलला मोकळी चाल ठेवली आहे का ते पाहावे. पेडलवर सतत पाय ठेवून चालविण्याची सवय क्लच प्लेट लवकर खाते, हे ड्रायव्हरला एकदा स्पष्ट सांगावे.

याउलट ओझे येताच आवाज खाली बसत असेल तर धुराड्याकडे पाहावे. आवाज बसतो आणि दाट काळा धूर येतो, तेव्हा डिझेल पुरेसे आहे पण ते नीट जळत नाही. म्हणजे हवा कमी पडते, नोझल नीट फवारत नाही किंवा औजार ट्रॅक्टरला झेपत नाही. आवाज बसतो पण धूर दिसत नाही, तेव्हा बहुधा डिझेलच पोचत नाही. एवढा एक भेद ध्यानात ठेवला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

काळा धूर : हवेची वाट पाहा

उन्हाळी नांगरट, रोटाव्हेटर आणि मळणी यांत ट्रॅक्टर धुळीतच उभा असतो. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी काढून पाहिल्यास तळाशी चिखल साचलेला आढळतो. अशा कामात वाटी रोज पाहावी, चिखल दिसताच तेल बदलावे, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. तेल खुणेच्या वर गेले तर ते इंजिनात ओढले जाते, निळा धूर येतो आणि प्रसंगी इंजिन आपोआप सुसाट पळते. कागदी एलिमेंट असेल तर तो पाण्याने धुऊ नये. हलके झटकून आतून बाहेर कमी दाबाची हवा मारावी. फाटलेला एलिमेंट अथवा क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी चिरलेली रबरी नळी म्हणजे पिस्टन रिंगांना रोजची घासपट्टीच.

खात्री हवी असेल तर धूळ नसलेल्या जागी क्लीनरची नळी काढून इंजिन दोन मिनिटे चालवून पाहावे. या वेळी नळीच्या तोंडाजवळ चिंधी, कागद किंवा हात नेऊ नये. धूर स्पष्ट कमी झाला, तर दोष क्लीनरमध्ये आहे. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असेल तर सायलेन्सरमध्ये काजळी किंवा पाखरांनी भरलेला काडीकचरा आहे का तेही पाहावे.

धूर नाही, पण दम नाही : डिझेलची वाट पाहा

टाकीपासून सुरुवात करावी आणि क्रम सोडू नये. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास उत्तम चाले आणि मग मरगळे. बंद करून थोडा वेळ ठेवला की पुन्हा उत्तम. फिल्टर बदलून झाले, नोझल तपासून झाले, पंप खोलण्याची बोलणी चालली होती. टाकीचे झाकण सैल करताच 'फस्स' असा आवाज झाला आणि इंजिनाने आवाज धरला. झाकणाचे बारीक छिद्र धूळ आणि डिझेल यांच्या थराने बुजले होते. डिझेल संपत जाई तशी आत पोकळी तयार होऊन प्रवाह तुटत होता. काम तारेच्या तुकड्याने झाले.

झाकणानंतर टाकीचा कॉक, गाळाची वाटी, फीड पंपाची जाळी आणि मग फिल्टर पाहावेत. दोन फिल्टर असतील तर दोन्ही एकाच वेळी शक्यतो बदलू नयेत. पहिला घाण अडवितो, दुसरा पंपाची राखण करतो. सांध्यांवर ओल दिसते का पाहावे. फीड पंपाच्या आधीच्या नळीतून मात्र डिझेल गळतेच असे नाही, तेथून हवा आत शिरते आणि इंजिन गचके देते. अशा वेळी सांधा घट्ट करून फिल्टरवरील स्क्रू सैल करावा, हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. त्यानंतर डिझेल पंपावरील स्क्रूची हवा याच रीतीने काढावी.

आणखी एक सोपी गोष्ट. एका माणसाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून पंपाचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहावे. पेडलाखाली माती साठल्याने किंवा जोडदांडी वाकल्याने तो मध्येच थांबतो. पंपाचा सीलबंद स्क्रू मात्र फिरवू नये. त्याने धूर वाढतो, इंजिन तापते आणि शक्ती वाढल्याचा केवळ भास होतो.

इंजिन गचके देते : कोणता सिलिंडर रुसला आहे?

इंजिन मंद गतीवर चालू ठेवून नोझलला येणाऱ्या जाड दाबाच्या पाईपची नट एकेक करून किंचित सैल करावी. नट सैल करताच इंजिनाचा आवाज बिघडला तर तो सिलिंडर काम करीत होता. ती आवळून पुढची घ्यावी. ज्या नटीने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. डोळ्यांवर चष्मा असावा, उडणाऱ्या डिझेलसमोर बोट धरू नये. दाबाचे डिझेल कातडीत घुसते. तसे झाल्यास जखम बारीक दिसली तरी त्वरित दवाखाना गाठावा.

आता इंजिन बंद करून त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी बदलावे, तांब्याचे वॉशर नवे घालावेत. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल चाचणी यंत्रावर तपासून घ्यावे. काम तेवढ्यावर भागते. दोष जागीच राहिला तर टॅपेटचे अंतर पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने पाहावे. तेही बरोबर असेल तर मग पंपाचा तो भाग किंवा कॉम्प्रेशन, हे जाणकार फिटरचे काम.

इंजिनाचे काम केव्हा खरे?

गरम इंजिनातून सतत निळा धूर, ब्रीदरमधून जोराने येणारी वाफ, दर दोन-तीन दिवसांनी तेल भरण्याची पाळी, ही झिजलेल्या रिंगांची लक्षणे होत. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नको. गरम झाल्यावरही तो येत असेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट संशयास्पद समजावे. अशा वेळी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून आकडे लिहून मागावेत. आकडे न देता केवळ कानाने इंजिन उघडायला सांगणाऱ्यास थांबवावे.

डिझेल पिंपात साठवीत असल्यास पिंप जस्ताचा मुलामा दिलेले नसावे. भरल्यावर ते एक दिवस न हलविता ठेवावे आणि तळचे चार बोटे डिझेल टाकीत ओतू नये. टाकी सायंकाळी काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटते आणि सकाळी तेच फिल्टरमध्ये उतरते.